आभाळाची चुणी

गेले दोन उन्हाळे माझ्या गच्चीवर दुसऱ्याच्या कुरडया वाळत होत्या. कुरडया, ज्वारीचे पापड, मुगाचे सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. मी एकटी राहते, दात जेमतेम उरलेत, मला वर्षाला मूठभर पापड पुरतात. पण ऊन तापायला लागलं की सकाळीच शरणम्मा डोक्यावर पातेलं आणि काखेत जुनी लुगडी घेऊन माझा जिना चढायची, आणि मग दिवसभर मला माझ्याच गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. दोरीवरचे कपडे काढायचे तर पापडांमधून उड्या मारत जावं लागायचं. माझं वय उड्या मारायचं नाही.

शरणम्माला स्वतःची गच्ची नाही असं नाही. गल्लीच्या त्या टोकाला तिचं घर, गच्ची माझ्या दुप्पट. ती तिच्या नवऱ्यानं अडवली. कशासाठी? तर आभाळातून पडणारे तारे वेचण्यासाठी.

तो नवरा म्हणजे बसवराजअप्पा, आणि ही हकीकत त्यांची.

लातुरात दालमिलवाले पुष्कळ. बसवराजअप्पांची मिल त्यातली मधली, फार मोठी नाही आणि बुडालेलीही नाही. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम चार तुरीचे दाणे, चाळा म्हणून. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांच्या नजरेला मान होता. शेतकऱ्यानं वानगी म्हणून आणलेली मूठभर तूर तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं एकदा पसरायची आणि सांगून टाकायचं, "ही औशाकडची. ही निलंग्याची, पाणी जादा झाल्याली. आन् ही भिजवून वाळवलीया, घिऊन जा माघारी." शेतकरी चिडायचे, पण माल मुकाट्यानं माघारी न्यायचे.

मग त्यांच्या मुलानं, सोमेशनं, मिलमध्ये निवडणीचं मशीन आणलं. डाळ कॅमेऱ्यासमोरून खाली पडते आणि कॅमेऱ्याला जो दाणा आवडला नाही तो हवेच्या एका फुंकरीनं बाजूला जातो. अप्पांसाठी गादीची खुर्ची आली, डोक्यावर पंखा आला. "अप्पा, नजरेला आता आराम द्या," सोमेश म्हणाला. मुलगा वाईट नाही. चांगल्या मनानं त्यानं बापाला रिकामं बसवलं, एवढंच.

रिकामा माणूस मोबाईल बघतो. मोबाईलनं अप्पांना सांगितलं की अवकाशातली धूळ रोज पृथ्वीवर पडते, वर्षाला हजारो टन, आणि ती कुणाच्याही छपरावर सापडू शकते. कण खसखशीहून लहान असतो, गोल असतो, आणि लोहचुंबकाला चिकटतो. लोहचुंबक म्हटल्यावर अप्पा खुर्चीतून उठले. दालमिलमध्ये ते असतंच. तुरीबरोबर आलेले खिळे आणि तारेचे तुकडे धरायला लागतं.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या दारात उभे. सकाळचे अकरा.

"बाई, तारा बगायचा का?"

"अप्पा, ऊन बघा केवढं आहे."

"आभाळात न्हाई. हितं हाय." आणि त्यांनी तळहात पुढे केला.

तळहातावर मला तळहातच दिसला. मग त्यांनी सोनाराकडून आणलेलं भिंग दिलं, तेव्हा एक काळा चकचकीत ठिपका दिसला. मी म्हटलं, "छान आहे." मी आयुष्यभर महिला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गल्लीचा समज असा की आकाशापासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मला कळतं. त्या "छान आहे"चा अप्पांनी शास्त्रीय निर्णय केला. तिथून माझ्या गच्चीचे भोग सुरू झाले.

कारण घरी जाऊन त्यांनी फर्मान काढलं. गच्चीवर झाडू लावायचा नाही. चपला घालून जायचं नाही. पापड, कुरडया बंद, पिठाचे कण धुळीत मिसळतात. रोज पन्हाळीतला गाळ काढायचा, वाळवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवायचं, आणि जे चिकटेल ते पांढऱ्या ताटलीत भिंगाखाली निवडत बसायचं. मिलची चाळणी, मिलची शिस्त. चांगला माल भस्माच्या चांदीच्या डबीत, आणि नापसंत माल, म्हणजे त्यांच्या भाषेत चुणी, तुपाच्या रिकाम्या डब्यांत.

चुणीचे ते डबे शरणम्मानं माझ्या गच्चीवर आणले. काळ्या वाळूनं भरलेले, चांगले जड. लुगड्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठेवले की वारं सुटलं तरी पापड हलत नाहीत.

"ह्यांच्या खुळाचा एवढाच उपेग," ती म्हणाली. ती बसवकल्याणकडची. मराठी आमच्यासारखंच बोलते, फक्त रागावली की कानडी तोंडात येतं.

यंदा ती रागावली. माझ्याच स्वयंपाकघरात, अप्पांसमोर.

"साकू! पुरे झालं आता! दोन वर्सं मी जिना चढून राहिले दुसऱ्याचा. लोक इचारतात, शरणम्मा, गच्ची इकली का? हे बगा, पाडव्यापत्तूर कोण्या शिकल्या माणसानं सांगू द्या की ह्यो तारा हाय. सांगितलं, तर गच्ची तुमची. मी मरंपत्तूर अक्काच्या गच्चीवर चढीन."

"आन् न्हाई म्हणलं तर?" अप्पांनी विचारलं.

"तर लोहचुंबक मिलमदी आन् झाडू माझ्या हातात."

अक्का म्हणजे मी. मरेपर्यंत माझ्या गच्चीवर चढायची व्यवस्था झाली आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्यामुळे स्पष्टच सांगते, त्या क्षणापासून माझी मनोमन इच्छा होती की अप्पांचे तारे खोटे निघावेत, आणि लवकर निघावेत. मी लगेच अयोध्याला फोन लावला.

अयोध्या शिरूर अनंतपाळची. माझी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावर बसून नको ते प्रश्न विचारणारी. पुढे भूशास्त्राकडे गेली, आता नांदेडला विद्यापीठात शिकवते. ती म्हणाली, "घेऊन या बाई त्यांना. आजपर्यंत छपरावरची धूळ घेऊन माझ्याकडे कुणीच आलेलं नाही."

आम्ही तिघं एसटीनं निघालो. शरणम्मा निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला आली. अप्पांनी मिलच्या उद्घाटनाला शिवलेला कोट घातला होता, आणि चांदीची डबी आतल्या खिशात. मी म्हटलं, "बघू तरी." ते म्हणाले, "वानगी वाटंत उघडायची नसती बाई."

अहमदपूर गेलं. शरणम्माला डुलकी लागली तसे अप्पा माझ्याकडे कलले.

"बाई, गच्चीचं काय न्हाई. गच्ची आजच देतो तिला."

"मग द्या की! आपण नांदेडला कशाला निघालोय?"

"मशीन आल्यापासून मूठभर डाळ कुणी माझ्या हातावर ठिवली न्हाई. सोमेश म्हणतो नजर थकली. थकली आसंल. पण ह्या दोन वर्सांत मी जे निवडलंय ते ह्याच नजरंनं. त्या बाईनं एकदा म्हणू द्या की माल बरोबर निवडलाय. येकच डाव."

मी खिडकीबाहेर बघितलं. असलं काही कुणी एसटीत सांगू नये. माणसाला धड चिडताही येत नाही.

लोह्याजवळ एक म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळी बस पुढे गेली. शरणम्माच्या मांडीवरचा भाकरीचा डबा घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी. "घ्या, जेवून घ्या," ती त्याला म्हणाली, "मग चालवा नीट." अप्पांनी दोन्ही हातांनी कोटाचा खिसा धरला होता.

अयोध्याची प्रयोगशाळा थंडगार होती. अप्पांनी डबी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि मोंढ्यात करतात तसं एक पाऊल मागे सरले. गिऱ्हाइकाला माल बघू द्यायचा, आपण बोलायचं नाही.

अयोध्यानं एक चिमूट काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली.

"काका, हे तुम्ही धुतलं का?"

"धुतलं?" अप्पांना ते अपमानकारक वाटलं. "पॉलिश केलंय!"

"पॉलिश?"

"मग! इद्यापीठात न्यायचा माल, तसाच न्यायचा? बाटलीत रांगोळी घातली, दोन थेंब तेल घातलं, आन् बाटली बांधली मिलच्या शाफ्टाला. आठ दिवस फिरवली. एक दाणा मळका न्हाई. बगा की, आरसा हाय आरसा."

"देवापुढची रांगोळी संपवली," शरणम्मानं साक्ष दिली.

मी कपाळावर हात मारला. दालमिलवाल्याचं चुकत नाही म्हणा. तूर मिलमध्ये येते तेव्हा मातकट असते, जाते तेव्हा झळकते. बिनपॉलिशचा माल दाखवणं म्हणजे समोरच्याचा अपमान, हे त्यांच्या हाडात भिनलेलं.

अयोध्या हसली नाही, याबद्दल मी तिला मनात चार गुण वाढवून दिले. तिनं तिघांना खुर्च्या दिल्या.

"काका, ही धूळ तिकडून निघते तेव्हा गोल नसते, चकचकीत तर नसतेच. ढेकळासारखी असते, वेडीवाकडी. तशीच ती येऊन आपल्या हवेवर आदळते. वेग किती? सगळ्यात सावकाश येणारा कणसुद्धा सेकंदाला अकरा किलोमीटर."

"औशाहून लातूर दोन सेकंदांत," मी म्हटलं, कारण अप्पांचा चेहरा कोरा होता.

"आगं आई," शरणम्मा म्हणाली. "आन् आपली एसटी!"

"वर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर हवा अगदी विरळ असते, पण एवढ्या वेगाला तीसुद्धा भिंतीसारखी लागते. कण तापतो, लाल होतो, वितळतो. सगळं दोन-चार सेकंदांत. वितळला की पाण्याच्या थेंबासारखा गोल होतो. मग वेग संपतो, तो थंड होतो, आणि तरंगत तरंगत आपल्या गच्चीवर येतो."

"म्हंजे तळण," शरणम्मा म्हणाली.

"काय?"

"कुरडई तेलात सोडली की एका दमात फुलती तसं. तेल कमी तापलं तर कच्ची ऱ्हाती, मदी काढली तर अर्धी फुलती आन् जाळी पडती."

"अगदी तसंच, काकू! काही कण कच्चेच खाली येतात, आकार न बदलता. काही अर्धे वितळतात, आतून वाफ निघते आणि फेसासारखी जाळी पडते. काही पूर्ण वितळतात." अयोध्या आता रंगात आली. वर्गात प्रश्न विचारायची तेव्हा तिचे डोळे असेच व्हायचे. "आणि नुसता आकार नाही बदलत. आतला मालच बदलतो. गंधक, सोडियम, जे उडून जाण्यासारखं आहे ते उडून जातं. उलट कणातलं लोखंड आपल्या हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतं, आणि त्याचे बारीक काळे स्फटिक कणाच्या अंगावर उमटतात. भिंगातून बघितलं तर पानाफुलांची नक्षी दिसते. दगडी कण असेल तर थंड होताना त्यावर समांतर रेघा येतात. आणि आत जड धातूचा मणी असेल ना, तर कणाचा वेग कमी झाला की तो मणी पुढे सरकतो..."

"लोह्याच्या ब्रेकला भाकरीचा डबा गेला तसा," मी म्हटलं.

"तसाच, बाई. कधी नाकासारखा बाहेर डोकावतो, कधी निसटूनच जातो आणि मागे खड्डा उरतो. काका, कण वरून आला, हवेतून आला, हे ओळखायचं कशावरून? तर या खुणांवरून. त्याचा प्रवास त्याच्या अंगावर लिहिलेला असतो. रांगोळीसारखी नक्षी असते ती."

"आन् म्या ती रांगोळीनंच घासली," अप्पा हळूच म्हणाले.

त्यांनी डबी जवळ ओढली. मग त्यांनीच विचारलं, "पर घासली तरी आतला माल तर त्योच की?"

हा प्रश्न बरोबर होता. अयोध्यानं दाणे शेजारच्या खोलीतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकात घातले. ते यंत्र कणात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत तेही सांगतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अप्पांनी खिशातले तुरीचे दाणे काढून बोटांत फिरवायला घेतले.

ती परत आली आणि आधी एक प्रश्न विचारला. मला तेव्हाच कळलं.

"काका, घराशेजारी वेल्डिंगचं दुकान आहे का?"

अप्पांनी दाणे खिशात टाकले. शरणम्मा मात्र चोर सापडल्यासारखी ओरडली, "रामकिशन!"

रामकिशन त्यांच्या भिंतीला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. दिवसभर ठिणग्या.

"ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंबच. तोही हवेत गोल होतो, थंड होतो, लोहचुंबकाला चिकटतो. दिसायला तर ताऱ्याहून सुरेख. पण यात निकेल नाही, मॅग्नेशियम नाही. नुसतं लोखंड आणि वेल्डिंगच्या काडीतलं मँगनीज. मी बघितलेले सगळे दाणे असेच आहेत."

"देवाच्या डबीत," शरणम्मा म्हणाली, "रामकिशनचं वेल्डिंग!"

मी जिंकले होते. गच्ची मोकळी होणार होती. पण अप्पांकडे बघितलं आणि जिंकल्याची मजाच गेली. कोट एकदम दोन मापं मोठा दिसायला लागला. "सोमेश बरोबर म्हणत हुता," ते म्हणाले आणि डबीचं झाकण लावायला लागले. झाकण बसेना.

ते बसवता बसवता, स्वतःशीच बोलल्यासारखे ते पुटपुटले, "सगळ्यात चांगला माल म्हणून ह्यो निवडला. बाकीची तर चुणीच की. रेघा पडल्याली, काळवंडल्याली, नाकं आल्याली, जाळी लागल्याली..."

अयोध्या खुर्चीवर सरळ झाली. "काका, परत सांगा."

"काय?"

"चुणीत काय होतं?"

"बेकार माल, बाई. अंगावर रेघोट्या. कुणाला खड्डा, कुणाला नाक. तसला माल मी जल्मात कुणाला दावला न्हाई."

"तो कुठं आहे?"

"टाकला."

"टाकला न्हाई," शरणम्मा म्हणाली. "अक्काच्या गच्चीवर हाय. पापडावर."

पाडव्याच्या आधीच्या रविवारी अयोध्या माहेरी शिरूरला जाताना वाटेत लातूरला उतरली, पिशवीत छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन. सोमेशही आला होता, बाप दिवसेंदिवस जेवत नाही म्हणून काळजीत. माझ्या गच्चीवर ज्वारीचे पापड अंथरलेले होते आणि चार कोपऱ्यांवर चार डबे.

अयोध्यानं घाईनं दोन डबे उचलले. त्याच क्षणी वारं आलं. लुगड्याची एक बाजू उठली आणि पंधरा-वीस पापड माझ्या पेरूच्या झाडावर जाऊन बसले.

"यप्पा! माजे पापड!" शरणम्मानं नवऱ्याला दंडाला धरून कोपऱ्यावर दाबून बसवलं. "बसा हितं! हलायचं न्हाई!" दुसऱ्या कोपऱ्यावर सोमेशला बसवलं. त्याच्या वजनाबद्दल शंका नव्हती, पुण्याला दोन वर्षं शिकून तो चांगला गोल होऊन आला होता.

तर असा प्रसंग. ज्या माणसाची दोन वर्षांची नजर पणाला लागली होती तो पापडाच्या लुगड्यावर वजन म्हणून बसलेला, आणि चार पावलांवर अयोध्या पाण्याच्या टाकीवर सूक्ष्मदर्शक ठेवून त्याची चुणी तपासत होती.

"काय दिसून राहिलं?" अप्पांनी मान लांब केली.

"विटेची भुकटी," अयोध्या म्हणाली. "पत्र्याचा गंज."

"आन्?"

"गंजच."

"जरा उठून बगू का?"

"उठा की," शरणम्मा म्हणाली. "उठा आन् पेरूवर चढून पापड आना."

अप्पा बसले. ऊन चढलं. मी सगळ्यांना ताक दिलं. दुसरा डबा झाला, तिसरा उघडला, त्याच्या जागी ताकाचं भांडं ठेवलं. सोमेशच्या पायाला मुंग्या आल्या, त्यानं तक्रार केली, आईनं डोळे वटारले. अयोध्या सुईच्या टोकानं कण सरकवत होती, सरकवत होती, आणि मग तिचा हात थांबला.

"बाई, जरा बघा."

मी डोळा लावला. तीसेक वर्षं मी मुलींना स्फटिक दाखवले, त्यामुळे मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. काळपट, मंद, जवसाच्या दाण्यासारखा किंचित लांबट एक कण. अंगभर एकाशेजारी एक बारीक रेघा, विंचरलेल्या केसांसारख्या. आणि टोकाला एक इवलंसं नाक.

"अप्पा," मी म्हटलं, "तुमचा बेकार माल सापडला."

अयोध्यानं असे तीन कण नांदेडला नेले, सोबत डबीतला मालही. पाडव्याच्या सकाळी अप्पांच्या दारात गुढी उभी राहिली आणि तिचा फोन आला. सोमेशनं आवाज मोठा करून मोबाईल सगळ्यांच्या मध्ये धरला.

"काका, रेघांचा आहे ना, तो शंभर टक्के वरचा. नाकात निकेल आहे. बाकी दोनांचं काम चालू आहे, पण मला आशा आहे. आणि ऐका, डबीतले सगळे दाणे मी परत तपासले. त्यात एकही आभाळातला नाही. एकसुद्धा चुकून मिसळलेला नाही. जे वरून आलं ते तुम्ही झाडून सगळं चुणीत टाकलंत. इतकी बिनचूक निवड मी बघितली नाही. फक्त डब्यांची नावं उलटी ठेवलीत."

अप्पांनी ते तिला आणखी एकदा म्हणायला लावलं. मग सोमेशकडे बघितलं, नुसतंच. सोमेश आत गेला आणि मिलमधून आलेल्या पिशवीतली मूठभर तूरडाळ आणून बापाच्या तळहातावर ठेवली.

"अप्पा, मशीननं ही पास केलीया. तुम्ही काय म्हणता?"

अप्पांनी अंगठ्यानं डाळ पसरली. बराच वेळ घेतला, हक्कानं. "चांगली दिसती," ते म्हणाले. "म्हंजे आता इचार करावा लागंल."

शरणम्मा हसता हसता खाली बसली. पण बोललेला शब्द ती मोडणारी नव्हे. "शिकल्या बाईनं सांगितलं. गच्ची तुमची. मी जाते अक्काकडं," आणि तिनं उठून पातेलं उचललं.

"थांब," अप्पा म्हणाले. "घे तुजी गच्ची. रामकिशनच्या ठिणग्यांत मला काय गावणार? अयोध्याबाई म्हणल्या, येक डाव गावलं ते नशीब, पुढं वेल्डिंगपासून लांबची गच्ची बगा, वाऱ्याच्या वरच्या अंगाची."

शरणम्मानं पातेलं खाली ठेवलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझं घर गल्लीच्या पश्चिम टोकाला आहे. वारं तिकडूनच येतं.

आता शरणम्माच्या कुरडया तिच्या गच्चीवर वाळतात, डब्यांच्या जागी चार विटा ठेवून. माझी गच्ची मोकळी आहे. इतकी मोकळी की मलाही तिथं जायला परवानगी नाही. झाडू बंद, चपला बंद, कपडे झटकून वाळत घालायचे नाहीत, पेरूची पानं हातानं वेचायची. रसायनशास्त्राची बाई घरावर धूळ साठवते म्हणून गल्ली हसते.

काल सकाळी अप्पा पन्हाळीजवळ भिंग घेऊन उकिडवे बसले होते. मी जिन्यातूनच ओरडले, "सापडलं का काही? की मी झाडू आणू?"

त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, या लवकर. कसला घाण दाणा हाय, बगा तर खरं!"